‘मग तो मुसलमान आहे हे कळणार कसं?’ : मराठी मालिका-चित्रपटवाल्यांना खुलं पत्र

मराठी मालिका आणि चित्रपट लिहिणाऱ्या, बसवणाऱ्या, त्यांना पैसे पुरवणाऱ्या आणि वाहिन्यांवर बसून ‘हे चालेल, हे चालणार नाही’ ठरवणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार आणि सलाम.

मी तुमच्यातलीच आहे. गेली चौदा वर्षं वेशभूषा विभागात काम करते. आधी ड्रेस दादांच्या हाताखाली इस्त्री आणि हुकबटणं, मग कंटिन्युइटीची वही, म्हणजे कुठल्या प्रसंगात कुणी काय घातलं होतं त्याची नोंद, आता स्वतंत्रपणे लुक करते. माहेर मिरजेच्या बाजूचं. आम्ही मण्यार, घरचा धंदा बांगड्यांचा. या चौदा वर्षांत मी शेकडो सासवा-सुनांना साड्या नेसवल्या आणि पाच का सहा मुसलमान पात्रांना कपडे घातले. हे पत्र त्या पाच-सहांबद्दल आहे. आणि जी पात्रं कधी लिहिलीच गेली नाहीत त्यांच्याबद्दलही.

एक प्रसंग सांगते. मालिकेचं, वाहिनीचं नाव घेत नाही, कारण तिच्या जागी दुसरी कुठलीही असती तरी हेच झालं असतं. चाळीत राहणारं एक शेजारी पात्र होतं. सीन पेपरवर त्याला नाव नव्हतं, नुसतं ‘चाचा’ लिहिलं होतं. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, नायिकेला लहानपणापासून ओळखणारा. मला फार आनंद झाला, कारण असा माणूस माझ्या घरात आहे. माझे मोठे काका एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतरही रोज सकाळी इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट घालतात, खिशाला पेन लावतात, चष्म्याची दोरी गळ्यात अडकवतात आणि चौकात पेपर वाचायला जातात. मी तसाच लुक केला. फिकट निळा बुशशर्ट, करडी पँट, पायात चामड्याची चप्पल. शर्ट दोनदा धुऊन मुद्दाम थोडा विटवला, कॉलरची कड आतून उसवून पुन्हा शिवली, कारण निवृत्त माणसाच्या घरात कॉलर उलटवतात.

लुक टेस्टला तो शर्ट बघून वरच्या माणसाने मला विचारलं, “छान आहे, पण मग तो मुसलमान आहे हे कळणार कसं?”

तासाभरात त्या नटाच्या अंगावर पांढरा कुर्ता, कमरेला चौकड्यांची लुंगी, डोक्यावर जाळीची टोपी, गळ्यात तावीज आणि खांद्यावर चौकड्यांचा रुमाल चढला. डोळ्यांत सुरमा हवा होता, मेकअप दादांकडे नव्हता, म्हणून काजळ आणलं. ते मी आणून दिलं. मी काही बोलले नाही. रोजचा भाग जायचा असतो, आधी चित्रित करून ठेवलेला एकही भाग शिल्लक नसतो, कलाकारांच्या तारखा अडलेल्या असतात, हे सगळं मला ठाऊक होतं. पण गप्प बसले याचं ओझं आजही आहे. त्या भागात ‘चाचा’ने नायिकेला दुवा दिली, आणि चाळीत चाळीस वर्षं राहिलेला तो पोस्टमन ‘अच्छी बात है बेटी, हम को आनंद हुआ’ असं बोलून निघून गेला.

काकांनी तो भाग पाहिला. ते एवढंच म्हणाले, “हा कुठल्या गावचा?”

त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या डोक्यात आहे. मुसलमान आहे हे कळणार कसं? माझं उत्तर साधं आहे. नावावरून कळेल. बायकोने हाक मारली की कळेल. शुक्रवारी दुपारी तो दुकान तासभर बंद ठेवतो, तेव्हा कळेल. आणि दोन-तीन भागांपर्यंत नाही कळलं तरी काय बिघडलं? शेजारच्या कुलकर्ण्यांची जात कळायला आपण त्यांच्या गळ्यात पाटी अडकवत नाही.

आमच्या घरात कोण काय घालतं ते सांगते, कारण माझं काम कपड्यांचं आहे. माझी दादी नऊवारी लुगडं नेसायची, पदर डोक्यावरून, गळ्यात काळी पोत, हातभर हिरव्या बांगड्या. दादा, म्हणजे आजोबा, विजार, सदरा आणि पांढरी गांधी टोपी घालायचे. जाळीची टोपी मशिदीत जाताना खिशातून निघायची आणि परत येताना खिशात जायची. अम्मी सहावारी नेसते. माझी नणंद शाळेत शिक्षिका आहे, ती पंजाबी ड्रेस घालते. तिची मुलगी अभियांत्रिकीला आहे, ती बुरखा घालते आणि तिच्या बुरख्यावर कॉलेजच्या ओळखपत्राची निळी पट्टी लोंबत असते. दादीच्या गावात तिच्या काळात बुरखा फारसा नव्हता, आता दिसतो. का वाढला, यावर आमच्याच घरात जेवताना वाद होतात, आवाज चढतात, आणि त्या वादात ती मुलगी स्वतः सगळ्यात जास्त बोलते. हा वाद किती जिवंत आहे, किती लिहिण्यासारखा आहे! पण तुमच्या कथांमध्ये बुरखा मला बहुतेक एकाच कामासाठी भाड्याने आणावा लागला आहे. नायिकेला गुंडांपासून किंवा सासूपासून तोंड लपवून पळायचं असतं, त्यासाठी. माझ्या हातून असे चार बुरखे गेले. त्यांच्यात एकदाही खरी मुसलमान बाई नव्हती.

काळ्या पोतीचंही तसंच. पश्चिम महाराष्ट्रात लग्न झालेल्या मुसलमान बाईच्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत तुम्ही शंभर वेळा पाहिली असेल, फक्त ती पोत बघून तुम्हाला ती बाई आमच्यातली वाटली नसेल. त्यामुळे पडद्यावर तुम्ही तिचा गळा मोकळा ठेवता, कपाळ मोकळं ठेवता आणि कानांत मोठे झुमके देता.

आता बांगड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगू द्या. माझे अब्बा पन्नास वर्षं चुडा भरतात. लग्नघरातून बोलावणं आलं की पेटी घेऊन निघतात. नवरी समोर बसते. अब्बा आधी तिचा हात नुसता हातात घेतात, एकदा दाबतात, आणि माप सांगतात: सव्वादोन, दोन-सहा, अडीच. पट्टी कधी लावत नाहीत. मग तिचा अंगठा आत मुडपून तळहाताशी घेतात, बोटांची मुळं एकत्र दाबतात आणि म्हणतात, “हात सैल सोड बाळा, माझ्याकडे बघू नकोस, आईकडे बघ.” ती आईकडे बघते तेवढ्यात बांगडी हाडावरून उतरलेली असते. काचेची बांगडी जोराने जात नाही. मुलीचं लक्ष दुसरीकडे गेलं पाहिजे, तरच हात ढिला पडतो. हिरव्या चुड्यात संख्या विषम ठेवायची हे अब्बांना कुणा भटजींनी शिकवलेलं नाही, त्यांच्या अब्बांनी शिकवलं. भरताना एखादी तडकली तर ‘फुटली’ म्हणायचं नाही, ‘वाढली’ म्हणायचं, हेही त्यांच्याकडूनच मी शिकले. चुडा भरून झाला की नवरी त्यांना वाकून नमस्कार करते, सुपात तांदूळ आणि नारळ देते. अब्बा तो नारळ घरी आणतात आणि अम्मी त्याची वडी करते.

मी किती मालिकांमधली लग्नं केली असतील! पंधरा-पंधरा भाग चालणारी लग्नं. हळद, मेंदी, संगीत, आता तर उत्तरेकडचे विधीही आले. चुडा भरायचा प्रसंग कुणी लिहिला, तर बांगड्या भरणारा माणूस बॅकग्राउंडला, तोंड न दिसणारा, किंवा नायिकेची मैत्रीणच बांगड्या भरते. माझी विनंती आहे की एकदा तो माणूस नीट लिहा. त्याला दोन वाक्यं द्या. तो ‘ऐक्याचं प्रतीक’ म्हणून नको, बांगडी भरणारा म्हणून हवा. त्याला फिरोजाबादच्या मालाच्या भावाची काळजी असते, त्याच्या मुलाला हा धंदा नको असतो, मेटलच्या बांगड्यांनी त्याचं गिऱ्हाईक पळवलेलं असतं, आणि तरीही समोरच्या मुलीचा हात हातात घेतल्यावर त्याला तिची भीती कळते.

जेवणाचं तर विचारू नका. मुसलमानाच्या घरी कॅमेरा गेला की सेटवरच्या वस्तू पुरवणारा प्रॉपर्टीवाला बिर्याणीचा हंडा आणतो. दर वेळी. मी बिर्याणीच्या विरोधात नाही, ईदेला आमच्याकडेही होते. पण रोज आमच्याकडे ज्वारीची भाकरी असते, अंबाडीची भाजी असते, आमटी असते. मटण असलं तर पातळ रस्सा, त्यात भाकरी कुस्करून. लग्नात दालचा-खाना असतो: डाळ, दुधी, मटण असं एकत्र शिजवलेला आंबटसर दालचा आणि भात. मोहरमला चोंगे लाटतात. छत्रपती संभाजीनगरात गेलात तर नान-खलिया खाल. रत्नागिरीकडच्या माझ्या मैत्रिणीच्या घरी तांदळाच्या रव्याचं, नारळाच्या दुधातलं सांदण वाफवतात आणि मटणाच्या रश्श्यात बुडवून खातात. तिच्या शेजारच्या हिंदू घरातही सांदण होतं, पण फणसाच्या रसातलं, गोड. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना एकाच नावाचे दोन पदार्थ! एखाद्या लेखकाला एवढ्यावर अख्खा भाग सुचायला हवा.

ईदेच्या आदल्या रात्रीचं सांगते. खारीक चिरायला आम्ही सगळ्या बहिणी बसायचो. भिजवलेली खारीक उभी, बारीक, नखाएवढी चिरायची. चारोळी सोलायची. शेवया अम्मी स्वतः भाजायची, तुपात, आणि रंग बदलला की लगेच ताटात काढायची, कारण पातेल्यातच राहिल्या तर पुढे जळतात. शीरखुर्म्याचं एक पातेलं वेगळं असायचं. त्या पातेल्यात वर्षभर दुसरं काही शिजत नसे. ते माळ्यावर कापडात बांधून ठेवलेलं असे. समोरच्या वाड्यातल्या काकू शाकाहारी, त्यांना निःशंक मनाने खाता यावा म्हणून. काकूंनी कधी विचारलं नाही आणि अम्मीने कधी सांगितलं नाही. मला हे कळलं तेव्हा मी वीस वर्षांची होते. माळा आवरताना ते पातेलं खाली पडलं आणि अम्मी ज्या तऱ्हेने ओरडली, त्यावरून कळलं.

हे पातेलं मी एका लेखकमित्राला सांगितलं होतं. त्याला आवडलं. त्याने ते लिहिलंही, पण चॅनलकडून परत आलं. कारण त्यात ‘काही घडत नाही’. त्यांना ईदेच्या भागात मोर्चा हवा होता, दगड हवा होता, आणि शेवटी दोन्ही घरांनी एकमेकांना मिठी मारायला हवी होती.

इथे मला सगळ्यात महत्त्वाचं बोलायचं आहे. मराठी पडद्यावर मुसलमान येतो तो एक तर भांडण घेऊन किंवा ऐक्य घेऊन. दोन्हींत त्याला स्वतःचं असं काम नसतं. ऐक्याच्या गोष्टी खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. सांगली जिल्ह्यात कडेगावचे मोहरमचे उंचच उंच ताबूत मी लहानपणापासून पाहिले आहेत, ते उचलायला हिंदू खांदे किती असतात तेही पाहिलं आहे. 29 जून 2023 ला बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली, तेव्हा पंढरपुरात आणि राज्यातल्या कितीतरी गावांत मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी केली नाही. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण रोज कुणी ऐक्य करत नाही. रोज माणूस दूध आणतो, मुलाच्या फीची सोय बघतो, बायकोशी अबोला धरतो. आमचा अबोला तुम्ही कधी लिहिणार? आमच्या घरातली नणंद-भावजय, आमच्यातला आळशी जावई, आमच्यातली तीन वेळा एमपीएससी देऊनही न थकलेली मुलगी?

भाषेबद्दल. ‘हम को आनंद हुआ’ असं कुठलाच मुसलमान बोलत नाही. महाराष्ट्रातले मुसलमान एका भाषेत बोलत नाहीत. कोकणातला मुसलमान घरातही कोकणी बोलीतच बोलतो. आमच्याकडे सांगली, सातारा, सोलापूर भागात घरात दखनी, म्हणजे दख्खनची उर्दू बोली, आणि उंबऱ्याबाहेर मराठी. पण ती दखनीसुद्धा मराठीच्या मांडीवर वाढलेली. हिंदीत ‘मैं ही’ म्हणतात, आम्ही ‘मैच’ म्हणतो, तुमच्या ‘मीच’मधला तो ‘च’. ‘नहीं चाहिए’ऐवजी ‘नक्को’, तुमचा ‘नको’. दादी जात्यावर गायची ती गाणी दखनीत होती. सूफींच्या चक्कीनाम्यांची, म्हणजे दळताना गायच्या गाण्यांची, ती परंपरा, आणि शेजारणीची ओवी मराठीत. जातं एकच होतं, दोघी आळीपाळीने ओढायच्या. आणि मालेगावात जाल तर घरात उर्दू ऐकाल. तिथल्या पात्राच्या तोंडी तुम्ही सदाशिव पेठेतली मराठी घातली तर तेही तितकंच खोटं होईल. मला सगळ्यांनी मराठी बोलावं असा हट्ट धरायचा नाही. ज्या गावचा माणूस आहे त्या गावचं बोलू दे, एवढंच.

मालेगावचं नाव निघालं म्हणून थांबते. यंत्रमागाचं गाव, शुक्रवारी माग बंद, आणि त्या सुटीच्या दिवशी थिएटरं भरलेली. तिथे नासिर शेख नावाच्या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसाने 2000 च्या सुमारास मागावरच्या कामगारांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला. पैसे नव्हते, क्रेन नव्हती, तर बैलगाडीवर आणि सायकलवर कॅमेरा बांधला. पुढे त्यांनी आपला सुपरमॅन केला, त्याच्या भूमिकेत शफीक शेख हा मागावर काम करणारा काडीएवढा पोरगा होता. त्यावर 2008 मध्ये माहितीपट झाला, जगभर गाजला. आणि 2025 मध्ये त्यांच्यावरचा हिंदी चित्रपट थिएटरात लागला. मी तो पाहिला आणि रडले. नंतर घरी येताना मनात आलं, मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे. सिनेमावर इतकं प्रेम करणारी ही मंडळी आपल्या दारात होती. दादासाहेब फाळक्यांच्या जिल्ह्यात होती. मराठी चित्रपटाला ती पंचवीस वर्षं का दिसली नाहीत?

नेहमी असं नव्हतं, म्हणून जास्त वाईट वाटतं. 1941 मध्ये प्रभात फिल्म कंपनीने ‘शेजारी’ हा चित्रपट केला. दोन म्हातारे, एक जिवबा, एक मिर्झा. गावात धरण व्हायचं असतं आणि बाहेरचा पैसेवाला दोघांमध्ये भांडण लावतो. मिर्झाची भूमिका गजानन जागीरदारांनी केली होती. तो मिर्झा गावातला जुना, मानाचा माणूस आहे, त्याला राग येतो, तो हट्टी आहे, चुकतो, दुखावतो. त्याला स्वतःचं मन आहे. पुढे 1961 च्या ‘प्रपंच’मध्ये शाहीर अमर शेख कुंभार झाले. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, ज्यांच्या आवाजावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा उभ्या राहिल्या, ते पडद्यावर चिखल तुडवत होते आणि कुणाला काही खटकलं नाही. नाटकात मागे गेलात तर बालगंधर्वांच्या गाण्यामागे थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी होती. माझ्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, त्यांनी मराठी नाट्यपदं गायली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते तंबोरे घडवणारी शिकलगार घराणी आधी तलवारींना धार लावायची, हत्यारांचे दिवस संपले तेव्हा वाद्यांकडे वळली. भोपळा येतो तो पंढरपूरच्या बाजूने, भीमेकाठचा. तुमच्या प्रत्येक गाण्याच्या रिअॅलिटी कार्यक्रमात मागे तंबोरा शोभेसाठी ठेवलेला असतो. मी त्याच्यावर शेला टाकते. तो कुणी कोरला हे एखाद्या पात्राच्या तोंडून कधी आलं आहे का?

मला ठाऊक आहे की तुमच्यापैकी बरेच जण वाईट हेतूने काही करत नाहीत. भीती आहे. मुसलमान घर दाखवलं तर कोण कुठल्या बाजूने चिडेल सांगता येत नाही. मोबाइलवर शिव्या येतात, जाहिरातदार फोन करतात. म्हणून सोपा उपाय निघतो, ते घर लिहायचंच नाही. पण 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातले साडेअकरा टक्के लोक मुसलमान होते. तुमच्या मालिकांमधल्या चाळी, सोसायट्या, वाडे, गावं मी डोळ्यांपुढे आणते. शंभर माणसांच्या त्या गावात आमचं एकही दार नाही. कोल्हापूरच्या नावाने चालणाऱ्या मालिकेत बागवान नाही, तांबोळी नाही, मुलाणी नाही, अत्तार नाही. फळं आपोआप येतात, विडा आपोआप लागतो. माझी भाची नऊ वर्षांची असताना तिने विचारलं होतं, “फुफू, तू काम करतेस त्या गावात आपले लोक राहत नाहीत का?” मी म्हटलं, ते गाव खोटं आहे बेटा, फिल्म सिटीत आहे. तिचं समाधान झालं नाही, माझंही झालं नाही.

आमच्या लोकांनाही इथे दोन शब्द बोलते, कारण पत्र खुलं आहे. आपल्याकडे मुलीने सिनेमात काम करायचं म्हटलं की घरात सुतक लागतं. मला अब्बांनी सोडलं, पण अब्बांना जमातीत चार लोकांनी सुनावलं. कॅमेऱ्यामागे आपण गेलो नाही तर कॅमेरा आपल्याकडे कुणाच्या तरी दुसऱ्याच्या नजरेने बघत राहील. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान लेखकांनी ही वाट केव्हाच धरली. 1990 मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लीम मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. पुस्तकांत आपली माणसं आली. पडद्यावर यायला लेखकाच्या खोलीत आपली पोरं बसायला हवीत, आणि त्यासाठी आधी घरातून त्यांना जाऊ द्यायला हवं.

तुमच्याकडे माझं मागणं फार मोठं नाही. मालिकेत मुसलमान पात्र असेल तर लिहिण्याआधी ते कुठल्या तालुक्यातलं, कुठल्या धंद्यातलं हे ठरवा, आणि त्याला ‘चाचा’ न म्हणता नाव द्या. संवाद त्या भागातल्या माणसाकडून एकदा वाचून घ्या, त्याला त्याचं मानधन द्या. मुसलमान नटांना मुसलमान भूमिकांपुरतंच बोलावू नका, आणि मुसलमान भूमिकेला दर वेळी दाढी चिकटवू नका. ईद सोडून इतर दिवशी आमच्या घरी या. हिमरूची शेरवानी परवडत नसेल तर खोट्या जरीची चमकणारी आणून तिला ‘नवाबी’ म्हणू नका. सुती ताणा आणि रेशमी बाणा यांच्या त्या कापडाची झाक मंद असते, साध्या सुती शेरवानीनेही काम भागेल. कोल्हापूरच्या भानू अथैयांनी ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी ऑस्कर घेतलं. चरख्याच्या सुताचा पोत सांभाळल्याशिवाय ते काम उभं राहिलं नसतं. आम्ही त्याच मातीतल्या आहोत, आम्हाला थोडा वेळ द्या, आम्ही बरोबर करून देऊ.

पुढच्या महिन्यात दोन नव्या मालिकांच्या लुक टेस्ट आहेत असं कानावर आलं आहे. त्यातल्या एकीत शेजारी एक मुसलमान कुटुंब आहे म्हणे. लेखकांना मिरजेला यायचं असेल तर कळवा. बुधवारी बाजार असतो, अब्बा सकाळी दहापासून दुकानात असतात. अम्मी जेवल्याशिवाय सोडणार नाही, आणि भाकरीच असेल. काकांनाही बोलावून घेईन, ते एसटीतल्या बत्तीस वर्षांबद्दल भरपूर बोलतात, थांबवावं लागतं.

तो फिकट निळा बुशशर्ट अजून माझ्या पेटीत आहे. चाळीस नंबर, कॉलर उलटवलेली, खिशावर पेनाच्या शाईचा छोटा डाग. इस्त्री करून ठेवला आहे.

आपली,
वेशभूषा विभागातली एक सहकारी
मिरज-मुंबई